सुटण्यापूर्वीचा बाण

मराठीत 'बाण' हा शब्द निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो. धनुष्याच्या दोरीवरून निघतो तो बाण. दिवाळीच्या रात्री रिकाम्या बाटलीत उभा करून वात पेटवली की आकाशात जातो तोही बाण. आणि अठराव्या शतकातील लढायांच्या वर्णनांत भेटणारे, बांबूला बांधलेले, दारू भरलेले नळकांडे हाही बाणच. पुढे विसाव्या शतकात 'रॉकेट'ला मराठी पर्याय हवा होता तेव्हा 'अग्निबाण' हाच शब्द रूढ झाला. खेळ, शस्त्र आणि विज्ञान या तिघांना भाषेने एकाच नावाखाली आणले, याला शब्दसंपत्तीचे दारिद्र्य म्हणता येणार नाही. या सर्व वस्तूंचा एक समान धर्म भाषेने अचूक ओळखला आहे. बाण सुटतो. सुटल्यावर तो सोडणाऱ्याचा राहत नाही. धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, ही म्हण आपण मुलांना शिकवतो ती बोलण्याविषयी सावध करण्यासाठी. परंतु तिच्यातील बाणाचा विचार आपण क्वचितच करतो.

प्रस्तुत निबंधात तो विचार करावयाचा आहे. जी कृती एकदा घडली की मागे घेता येत नाही, तिच्यावर कर्त्याचे नियंत्रण उरत नाही आणि तिचे परिणाम इतरांच्या अंगावर पडू शकतात, अशी कृती करण्याचा अधिकार माणसाला कोणत्या अटींवर प्राप्त होतो? हा प्रश्न मोठ्या क्षेपणास्त्रांच्या संदर्भात विचारला तर राष्ट्र, संरक्षण, प्रतिष्ठा असे मोठे शब्द मध्ये येतात आणि प्रश्न अंधुक होतो. म्हणून त्याचे सर्वांत लहान रूप समोर घेऊ. एखादा शाळकरी मुलगा वा मुलगी पुठ्ठ्याच्या नळीचे, हातभर उंचीचे रॉकेट घरी तयार करते आणि ते उडवण्याची परवानगी मागते. घरातील वडीलधाऱ्या माणसाने काय उत्तर द्यावे?

उत्तर देण्यापूर्वी ती वस्तू नीट पाहिली पाहिजे. नमुना-रॉकेट म्हणजे एक हलकी कागदी नळी, पुढे निमुळते टोक, मागे तीन किंवा चार पातळ पंख, आणि बुडाशी घन इंधनाची लहानशी कांडी. कांडी पेटते, एक-दोन सेकंदांत तिचे इंधन संपते, मिळालेल्या वेगावर नळी वर चढत राहते, कांडीतील मंद जळणारा थर तेवढा अवधी मोजतो, आणि शेवटी एक छोटा स्फोट टोक ढकलून आत घडी घातलेली हवाई छत्री बाहेर काढतो. ज्या सळईच्या आधाराने रॉकेट उभे असते ती जेमतेम तीन फुटांची असते. ती सोडली की कुठलाही हात रॉकेटपर्यंत पोचत नाही. पतंग कितीही उंच गेला तरी मांजा आपल्या बोटांत असतो. ढील देता येते, खेचता येते, उतरवता येते. बैलगाडी वळवता येते, सायकलला ब्रेक असतो. घन इंधन मात्र एकदा पेटले की विझवता येत नाही, मंद करता येत नाही आणि साध्या रॉकेटला दिशाही बदलून देता येत नाही.

यातून या खेळाचे एक वैशिष्ट्य निष्पन्न होते. त्यातील सगळा विचार आधी करावा लागतो. रॉकेट सरळ जाईल की नाही हे आकाशात ठरत नसून टेबलावर ठरते. वस्तूचा गुरुत्वमध्य हा वाऱ्याच्या दाबाच्या मध्याच्या पुढे असला पाहिजे. म्हणजे वजन पुढे आणि पंख मागे. उलट झाले तर रॉकेट हवेत कोलांट्या खात कुठेही जाऊ शकते. हे तपासण्याची साधी रीत अशी की तयार रॉकेट गुरुत्वमध्यापाशी दोरीने बांधून डोक्याभोवती फिरवायचे. टोक पुढे ठेवून ते फिरले तर ठीक, आडवे झाले तर टोकाशी थोडे वजन वाढवायचे. ज्याने ही दोरी फिरवली नाही, त्याने रॉकेट उडवले असे म्हणण्यापेक्षा ते नशिबावर सोडले असे म्हणणे योग्य होईल. मागे घेता न येणाऱ्या कृतीचे नीतिशास्त्र हे असे पूर्वविचाराचे नीतिशास्त्र असते. नंतर सावरून घेऊ, ही सवड तिथे नाही.

या चिंतनाला बंगळुरू हे शहर विशेष अनुरूप आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या शहराच्या जुन्या पेठांत तारामंडलपेट नावाचा भाग आहे. टिपू सुलतानाच्या काळी तिथे युद्धाचे बाण तयार होत, त्यावरून हे नाव पडले असे सांगितले जाते. आपल्याकडे ज्या शब्दाने मुलांना ग्रहतारे दाखवण्याचे घर ओळखले जाते, तोच शब्द तिथे दारूगोळ्याच्या पेठेला लागला आहे. हैदरअली आणि टिपू यांच्या कारागिरांचे कर्तृत्व असे की त्यांनी बाणाची दारू लोखंडी नळीत ठासली. कागदाच्या वा बांबूच्या नळीला न पेलणारा दाब लोखंडाने पेलला, आणि बाण किलोमीटरभर वा त्याहूनही दूर जाऊ लागला. १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत कर्नल बेलीच्या इंग्रज फौजेचा जो धुव्वा उडाला, त्यात या बाणांचाही वाटा होता असे मानले जाते. बंगळुरूच्याच राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी १९८५ मध्ये म्हैसूर आणि ब्रिटन येथील बाणांचा अभ्यास प्रसिद्ध करून या कारागिरीचे शास्त्रीय महत्त्व विशद केले. डॉ. अब्दुल कलाम यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे की अमेरिकेतील वॉलॉप्स येथील केंद्रात त्यांना टिपूच्या बाणदारांचे चित्र भिंतीवर लावलेले दिसले. आपल्या देशात विसरलेली गोष्ट परदेशात सन्मानाने टांगलेली पाहून त्यांना अभिमान वाटला. तो स्वाभाविकच होता.

परंतु अभिमानाच्या या वृत्तान्तात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठे आणि म्हैसूरकर एकमेकांशी पुन्हापुन्हा लढत होते, आणि १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या वेळी हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या. ज्या बाणांचा आज आपण भारतीय म्हणून अभिमान बाळगतो, त्यांच्या माऱ्याच्या टप्प्यात मराठी शिपाईही उभे होते. बाणाचे मोल आपण कोणत्या टोकाला उभे आहोत यावर अवलंबून राहते. जो सोडतो त्याला शेपटीची रोषणाई दिसते आणि ज्याच्यावर पडतो त्याला टोक दिसते. नैतिक विचाराची सुरुवात दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहण्यापासून होते, ही गोष्ट इतिहास आपल्याला फार स्वच्छपणे शिकवतो.

पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, विजेत्यांनी तेथील बाण इंग्लंडला नेले, आणि विल्यम काँग्रेव्ह याने त्या धर्तीवर नवे बाण घडवले. १८०७ मध्ये इंग्रज आरमाराने कोपनहेगनवर मारा केला, तेव्हा शहर जाळण्यासाठी हेच बाण वापरले गेले आणि नागरिक मृत्युमुखी पडले. तारामंडलपेटेतील लोहाराने कोपनहेगनचे नावही ऐकले नसेल. त्याला या दहनासाठी जबाबदार धरणे अन्यायाचे ठरेल. तरीही त्याच्या हातोड्याचा आणि त्या आगीचा संबंध नाही, असेही म्हणता येत नाही. कारणांची साखळी त्याच्या दुकानातून गेलेली आहे.

इथे एक परिचित युक्तिवाद पुढे येतो. साधन निर्दोष असते, दोष वापरणाऱ्याचा. सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही. हा दृष्टान्त दिसतो तितका निर्णायक नाही. सुरी हातात राहते. कापणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत हात आवरता येतो. म्हणूनच तिच्या वापराची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकणे न्याय्य वाटते. ज्या साधनाचा गुणधर्मच हातातून सुटणे हा आहे, त्याच्या बाबतीत वापर आणि निर्मिती यांच्यामधील सीमारेषा मागे सरकते. ते कुठे जाईल हे बऱ्याच अंशी घडवतानाच ठरते. म्हणून घडवणाऱ्याला 'मी फक्त घडवले' असे म्हणून मोकळे होता येत नाही.

आपल्या परंपरेला ही अडचण ठाऊक होती. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही ब्रह्मास्त्र सोडतात. दोन अस्त्रांच्या मधे नारद आणि व्यास येऊन उभे राहतात आणि ती मागे घेण्यास सांगतात. अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला ते आवरता येत नाही. सोडण्याची विद्या त्याच्यापाशी आहे, परत घेण्याचे सामर्थ्य नाही. अखेर ते अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाते, म्हणजे ज्याचा या युद्धाशी काहीच संबंध नाही अशा न जन्मलेल्या जिवावर. व्यासांनी या प्रसंगात दोघांच्या पराक्रमाची तुलना केलेली नाही. अस्त्र परत घेण्याची शक्ती संयमी जीवनातून येते, असे तिथे सांगितले आहे. मागे घेण्याची विद्या ज्ञानाच्या शाखेत नसून चारित्र्याच्या शाखेत आहे, हा त्या कथेचा मथितार्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या कागदी रॉकेटला परत बोलावण्याचा मंत्र कुणापाशीच नाही. मग तो संयम कुठे ठेवायचा? तो सुटण्याच्या अलीकडे ठेवावा लागेल, कारण पलीकडे त्याला जागाच उरत नाही.

आता विसाव्या शतकातील हौशी मंडळींकडे वळू. कारण आकाशाचे स्वप्न पाहणारा माणूस स्वभावतःच निरुपद्रवी असतो, असा आपला एक भाबडा समज आहे. १९२७ मध्ये जर्मनीत अवकाशप्रवासाची ओढ असलेल्या लोकांनी एक मंडळ स्थापन केले. त्यांना चंद्रावर जायचे होते. बर्लिनजवळच्या एका मोकळ्या जागेवर ते आपली छोटी रॉकेटे उडवत. त्यांच्यातच वेर्नर फॉन ब्राउन हा तरुण होता. १९३२ मध्ये तो सैन्याच्या कामाला लागला. दहा वर्षांनी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्याच्या चमूचे व्ही-२ हे क्षेपणास्त्र यशस्वीपणे उडाले आणि पुढे ते लंडन व अँटवर्पवर पडू लागले. मिटेलबाउ-डोरा येथील भुयारांत छळछावणीतील कैद्यांकडून ती क्षेपणास्त्रे जोडून घेतली जात. क्षेपणास्त्र पडून जितकी माणसे मेली त्यांहून अधिक ते घडवताना मेली, असे इतिहासकार नोंदवतात. तोच फॉन ब्राउन पुढे अमेरिकेत गेला आणि त्याच्या सॅटर्न रॉकेटाने १९६९ मध्ये माणूस चंद्रावर पोचला. स्वप्न पुरे झाले. परंतु भुयारातील मृतांच्या हिशेबात त्या चंद्राची जमा कशी धरायची? स्वप्न उदात्त होते म्हणून साधनांची चौकशी थांबवावी, असे ज्याला वाटते त्याने या हिशेबाचे उत्तर दिले पाहिजे.

इतके सगळे वाचल्यावर घरातील वडीलधारा माणूस म्हणेल, 'मग नकोच ते रॉकेट.' या नकारामागे केवळ भ्याडपणा आहे असे मी मानत नाही. घरी दारू कुटण्याचा प्रयोग आजवर अनेकांच्या बोटांवर आणि डोळ्यांवर बेतला आहे. रॉकेटविज्ञानाच्या आद्य प्रयोगकर्त्यांपैकी एक, कॅलिफोर्नियाचा जॅक पार्सन्स, १९५२ मध्ये घरातल्याच प्रयोगशाळेतील स्फोटात मरण पावला. त्याच्यापाशी ज्ञान कमी नव्हते. आपल्याकडे १८८४ चा स्फोटकांविषयीचा कायदा परवान्याशिवाय स्फोटके बनवण्यास मनाई करतो, आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. हा कायदा मुलांच्या कुतूहलाचा शत्रू आहे असे समजण्याचे कारण नाही. शेजारच्या घराची भिंत आपल्या प्रयोगाच्या टप्प्यात येते, एवढेच तो सांगतो.

तरीही केवळ नकार अपुरा आहे. ज्याला कधीच काही सोडू दिले नाही, त्याला थांबण्याचीही संधी मिळत नाही. आणि जो मूल असताना थांबायला शिकला नाही, त्याच्या हाती पुढे कायद्याने, पदाने वा पैशाने मोठमोठे बाण येतातच. ते बाण दारूचेच असतील असे नाही. एखादा हुकूम, एखादे औषध, एखादी अफवा, एखादे धरण, यांतले काहीही असू शकेल. म्हणून प्रश्न परवानगी द्यावी की नाही असा राहत नाही. ती कोणत्या शिस्तीत द्यावी, असा होतो.

या प्रश्नाचे एक उत्तर १९५० च्या दशकात अमेरिकेत मिळाले. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा जोड्यांचा दुकानदार होता. त्याने १९५४ मध्ये कागदी नळीचे, बदलता येणाऱ्या तयार कांडीवर उडणारे, छत्रीने सुखरूप उतरणारे छोटे रॉकेट तयार केले. १९५७ मध्ये जी. हॅरी स्टाइन या रॉकेट-अभियंत्याने, घरी इंधन बनवताना मुलांना होणाऱ्या अपघातांविषयी एक लेख लिहिला. तो कार्लाइलच्या वाचनात आला आणि त्याने आपली रॉकेटे स्टाइनकडे पाठवली. स्टाइनने बंदीची मागणी केली नाही. त्याने या खेळाला एक आचारसंहिता दिली. तिची कलमे पुढे विस्तारत गेली, आणि ती नीतिशास्त्राच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. इंधन स्वतः बनवायचे नाही. टोक, नळी व पंख यांसाठी कागद, लाकूड, प्लास्टिक यांसारखे हलके पदार्थ वापरायचे, धातूची नळी नाही. वात काडीने पेटवायची नाही. दूर उभे राहून विजेच्या तारेने पेटवायची. रॉकेट उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा अधिक कलवायचे नाही. कशावरही नेम धरायचा नाही. विजेच्या तारांत वा उंच झाडात अडकलेले रॉकेट काढायला जायचे नाही. मोठ्याने उलट गणती केल्याशिवाय सोडायचे नाही. आणि कळ दाबूनही रॉकेट उडाले नाही, तर विजेची जोडणी तोडून ६० सेकंद थांबल्याशिवाय त्याच्याजवळ कुणीही जायचे नाही.

नेम धरायचा नाही, या एका कलमाने खेळ आणि शस्त्र यांची फारकत होते. टिपूच्या बाणात आणि या बाणात पदार्थविज्ञान तेच आहे. नळीत दाब तसाच साठतो आणि वायू तसाच मागे फेकला जातो. फरक कोनाचा आहे. लोखंडाच्या जागी कागद आला तो तंत्र मागासले म्हणून नव्हे. चुकलेच तर फुटणाऱ्या नळीने कुणाला इजा करू नये, म्हणून इथे दुर्बलता जाणूनबुजून पत्करली आहे. सामर्थ्य वाढवण्याची कला माणसाने पुष्कळ जोपासली. सामर्थ्य मुद्दाम कमी ठेवण्याची कला त्याला मुलांच्या खेळात सापडली, याचे कौतुक वाटते.

दारूही नको असेल तर पाण्याचे रॉकेट आहे. बंगळुरूतील शाळकरी मुले प्लास्टिकच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी भरून, तोंडाला घट्ट बूच बसवून, सायकलच्या पंपाने हवा भरतात. दाब पुरेसा झाला की बूच निसटते आणि बाटली पाण्याचा फवारा मागे टाकत वर जाते. एका रविवारी मैदानावर मी हा खेळ पाहत होतो. एक बाटली उडेचना. सोबतच्या मोठ्या मुलीने सगळ्यांना जागेवर उभे करून आकडे मोजायला लावले. एक लहानगा वैतागून म्हणाला, 'ताई, तो उडालाच नाही, तर थांबायचं कशाला?' ती म्हणाली, 'उडाला नाही म्हणूनच.' तिच्या उत्तरात एक सूक्ष्म तत्त्व होते. न उडालेल्या रॉकेटला आपण अपयश समजतो आणि त्याच्याकडे धाव घेतो. वस्तुतः ते अजून निर्णय न झालेले रॉकेट असते. अनिश्चितता ही धोक्याची खरी जागा आहे, आणि अधीरता आपल्याला नेमकी तिथेच नेते.

उलट गणतीचा उगमही मनोरंजक आहे. दहापासून शून्याकडे मोजण्याची ही रीत प्रथम लोकांसमोर आणली ती एका चित्रपटाने. फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाने १९२९ मध्ये चंद्रप्रवासावरील आपल्या मूकपटात ती वापरली. प्रेक्षकांची उत्कंठा वाढवण्यासाठी योजलेली युक्ती पुढे प्रत्यक्ष उड्डाणांत रूढ झाली. आपणही ती ऐकताना उत्कंठेनेच ऐकतो, आणि शून्याची वाट पाहतो. परंतु उलट गणतीचा खरा उपयोग शून्यापर्यंत पोचणे हा नसून मध्येच थांबता यावे हा आहे. प्रत्येक आकडा हा एक प्रश्न असतो: अजूनही सोडायचे आहे काय?

या प्रश्नाची उत्तरे बंगळुरूशी जोडलेल्या संस्थेच्या इतिहासात सापडतात. सतीश धवन १९७२ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष झाले आणि संस्थेचे मुख्यालय या शहरात आले; ते येथील भारतीय विज्ञान संस्थेचेही संचालक होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण व्हायचे होते. कलाम प्रकल्पप्रमुख होते. पुढे त्यांनीच सांगितले आहे की गणती चालू असताना संगणकाने 'थांबा' असा संकेत दिला. नियंत्रणप्रणालीत गळती होती. तज्ज्ञांनी गणित करून इंधन पुरेसे असल्याचा निर्वाळा दिला. आणि त्यांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाणाचा निर्णय घेतला. पहिला टप्पा नीट जळला, दुसरा भरकटला, आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. त्या दिवशी पत्रकारांसमोर धवन स्वतः गेले, अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली आणि सहकाऱ्यांवर विश्वास प्रकट केला. १८ जुलै १९८० रोजी दुसरा प्रयत्न यशस्वी झाला तेव्हा पत्रकारांना सामोरे जाण्यास त्यांनी कलामांना सांगितले.

हा प्रसंग नेतृत्वाचा आदर्श म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु त्यात दोन निरनिराळ्या जबाबदाऱ्या आहेत, त्यांची गल्लत होऊ नये. एक, सोडण्यापूर्वी थांबण्याची. दुसरी, सोडल्यानंतर परिणाम आपला म्हणण्याची. धवनांनी दुसरी जबाबदारी थोरपणे पार पाडली. पण दुसरीने पहिलीची भरपाई होत नाही. त्या दिवशी यानात माणूस नव्हता आणि खाली समुद्र होता, म्हणून अपयश हा धडा ठरू शकला. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर यानात सात माणसे होती. आदल्या रात्री, घन इंधनाचे टप्पे बनवणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी थंडीमुळे सांध्यांतील रबरी कडी नीट काम करणार नाहीत असे सांगून उड्डाणाला विरोध केला होता. व्यवस्थापनाने तो बाजूला सारला. ७३ सेकंदांनी यान फुटले. त्यानंतर जबाबदारी कुणी किती थोरपणे स्वीकारली, याने त्या सात जणांच्या बाबतीत काय फरक पडणार होता?

इथे न्यायबुद्धीने एक आक्षेपही नोंदवला पाहिजे. थांबणे हेच श्रेष्ठ मानले तर कुठलेच रॉकेट कधी उडणार नाही. शंका काढणाऱ्याला शंकेचा तोटा नसतो, आणि प्रत्येक विलंबाला विवेक म्हणून मिरवणारी माणसे कमी नाहीत. आक्षेप खरा आहे. म्हणूनच थांबण्याची जागा, कारण आणि अवधी आधी ठरवावे लागतात. जीएसएलव्ही या भारतीय यानाची रचना या दृष्टीने बोधप्रद आहे. त्याची बाजूची चार द्रवइंधनी इंजिने प्रथम पेटतात. ती बंद करता येतात. त्यांचा जोर अपेक्षेप्रमाणे आहे अशी खात्री पटल्यावरच मधला घनइंधनी टप्पा पेटवला जातो, जो बंद करता येत नाही. २८ मार्च २००१ रोजी एका इंजिनाचा जोर कमी भरला आणि उड्डाणाच्या सुमारे एक सेकंद आधी यंत्रणेने सारे थांबवले. यान १८ एप्रिलला उडाले. मागे घेता येण्याजोगे ते आधी आणि न येण्याजोगे ते सर्वांत शेवटी, हा क्रम अभियांत्रिकीचा आहे. तो व्यवहारातही पाळला तर पुष्कळ दुःखे टळतील. १५ जुलै २०१९ रोजी चांद्रयान-२ चे उड्डाण ५६ मिनिटे २४ सेकंद आधी थांबवण्यात आले आणि २२ जुलैला झाले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या चाचणीयानाची गणती पाच सेकंदांवर थांबली. कारण शोधून ते त्याच सकाळी सोडण्यात आले. थांबणे म्हणजे माघार नव्हे, हे या तिन्ही दिवसांनी दाखवले.

आणखी एक अट उरते, आणि तिचा विसर सर्वांत लवकर पडतो. आपला बाण ज्याच्या डोक्यावरून जाणार आहे, त्याला विचारले पाहिजे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले. त्यापूर्वी तेथील मेरी मॅग्डलीन चर्चची जागा हवी होती. विक्रम साराभाई तिथल्या बिशपांना, पीटर बर्नार्ड परेरा यांना, भेटले आणि बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर हा प्रश्न मच्छिमारांसमोर ठेवला, असे कलामांनी सांगितले आहे. लोकांनी होकार दिला. कोळ्यांची घरे हलली, आणि चर्चच्या इमारतीत रॉकेटे जोडली जाऊ लागली. गरीब माणसाच्या होकारात नकाराला कितपत वाव असतो, ही शंका रास्त आहे. तथापि विचारणे आणि न विचारणे यांत अंतर आहेच. श्रीहरिकोट्याच्या बेटावर पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या यानादी आदिवासींना विस्थापित व्हावे लागले, त्यांच्या नजरेने ते अंतर मोजून पाहावे. मुलाच्या रॉकेटलाही हीच अट लागू आहे. वाढत्या बंगळुरूत मोकळे मैदान दुर्मिळ झाले आहे. प्रत्येक आकाशाखाली कुणाची तरी गच्ची, वाळत घातलेले कपडे, झोपलेले मूल आहे. वारा कुठे वाहतो हे पाहणे म्हणजे आपली वस्तू कुणाच्या अंगणात उतरेल हे पाहणे.

तेव्हा परवानगी मागणाऱ्या मुलाला द्यावयाचे उत्तर असे होईल. रॉकेट जरूर कर. इंधन घरी बनवू नकोस. नेम धरू नकोस. दोरी फिरवून पाहा. वाऱ्याची दिशा बघ आणि मैदानालगतच्या लोकांना जाऊन सांग. मोठ्याने उलट मोज, आणि तुझ्यापेक्षा लहान कुणीही 'थांब' म्हणाले तरी कळ दाबू नकोस. चॅलेंजरच्या आदल्या रात्री मोठ्यांच्या सभेत जे घडले नाही, ते मुलांच्या मैदानावर घडवणे अशक्य नाही.

२०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर या गावी एका पडक्या विहिरीचा गाळ उपसताना हजाराहून अधिक लोखंडी बाण सापडले. टिपूच्या काळचे, दारू ठासलेले, कुणावरही न सुटलेले. दोनशेहून अधिक वर्षे ते चिखलात पडून होते. आज ते वारसा म्हणून जपले जातात, आणि अभ्यासकांना त्यांतून लोखंडाची, दारूची, कारागिरीची माहिती मिळते. त्यांच्याच जातीचे जे बाण सुटले त्यांच्यापासून आपल्याला विजयांच्या आणि वणव्यांच्या कथा मिळाल्या. विहिरीतील बाणांच्या दुसऱ्या टोकाला मात्र कुणीही उभे नाही, म्हणून ते हातात घेऊन पाहताना कुणाचीही क्षमा मागावी लागत नाही.